महानंदाला बायोप्सी समजावली

बुध., ४ फेब्रु.
डॉक्टरांनी महानंदाच्या काखेतली गाठ दाबून पाहिली. बायोप्सी करायची, सोमवारी. ‘घाबरायचं काही नाही’ असं दोनदा म्हणाले, तिथंच मी घाबरलो. रिक्षा सात रस्ता चौकात आल्यावर ती म्हणाली, “अवो, बायोप्सी म्हंजे काय?” घरी गेल्यावर सांगतो म्हटलं.

गुरु., ५
सांगितलं. ‘तुकडा काढून तपासतात’ एवढ्यावर थांबायचं की नाही? पण जन्मभर इंग्रजी शिकवलेला मास्तर, शब्द फोडल्याशिवाय राहवतंय कुठं. मूळ ग्रीक. बायॉस म्हणजे जीवन, ऑप्सिस म्हणजे पाहणं. जिवंत माणसातलं पाहणं. ती मान डोलावत होती. तिथंच थांबलो असतो तर... वर्गातल्या सवयीनं पुढे गेलो. याचाच भाऊबंद ऑटॉप्सी. मूळ अर्थ नुसता ‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं’, आता मात्र प्रेत फाडून पाहणं. तिचा भाकरी थापणारा हात परातीतच थांबला.
माती खाल्ली मी.

शुक्र., ६
जाणार नाही म्हणते. अक्कलकोटहून मेहुणा आला, त्यानं भर घातली. “अक्का, सुई टोचली की पसरतंय बग.” मी ओरडलो त्याच्यावर. ती शांतपणे म्हणाली, “त्याला कशाला बोलता? मढ्याचं तुमीच काडलं की.”

रवि., ८
मन चिंती ते वैरी न चिंती. दुपारी ती पडली होती, श्वास चालू आहे ना बघायला दोनदा आत गेलो. शेवटी जवळ बसलो. म्हटलं, मला लई भीती वाटते गं, उद्या चल. ती उठून बसली. मग, “येते. पर आता काय बी समजवायचं न्हाय.”

सोम., ९
झाली. मला आत जाऊ दिलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, “मुंगी चावल्यागत. तुमचंच तोंड उतरलंय की!”

शुक्र., १३
दवाखान्यातून फोन. रिपोर्ट आलाय, उद्या दोघं या. काय निघालं विचारलं, तर ‘डॉक्टर समोरच बोलतील.’
महानंदा चटणीला शेंगदाणे भाजत होती.
“काय म्हनले?”
“उद्या या म्हणाले.”
“दोगं?”
“हो.”
तिनं गॅस बंद केला. “अवो, दोगं कशाला?”
मी समोर बसून दाणे चोळायला लागलो. अजून गरम होते, बोटं पोळली. तिनं दाणे माझ्यापुढनं ओढून घेतले. “ऱ्हाऊ द्या, समजवू नका.”