पितळेचा स्क्रू

३ फेब्रुवारी, दुपार

तीर्थस्वरूप वन्सं,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? लोकर पोचली, रंग छान आहे, पण स्वेटरला हात लावायला फुरसत नाही. तुमच्या बंधुराजांनी मला मदतनीस नेमलं आहे.

इतकी वर्षं खपून शेडमध्ये विमान बांधलं, ते उडवूनही झालं, तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. कसचं काय! आता त्याला ऑटोपायलट बसतोय. म्हणजे दोन छोट्या मोटरी, त्यांना सर्व्हो म्हणतात. एक पंखात, एक शेपटीत. चालकाने हात सोडला तरी त्या विमान सरळ ठेवतात. शेपटीच्या भोकातून ह्यांचा पंजा आत जात नाही, माझा जातो. त्यामुळे मी कोपरापर्यंत विमानात आणि हे बाहेरून ओरडतात, "डावीकडे, अगं डावीकडे!" डावं-उजवं मला लग्नानंतर शिकायचं होतं.

एक विचारायचं होतं. तुम्ही गाडी चालवणं का सोडलंत, हे ह्यांना कधी सांगितलंत का? मला सांगताना "कुणाला बोलू नकोस" म्हणाला होतात. मी बोलले नाही.

असो. मोटरीच्या दांडीला एक पितळेचा स्क्रू असतो, मुद्दाम कच्चा. यंत्र अडकलं तर चालकाने जोर लावायचा. स्क्रू तुटतो आणि विमान पुन्हा माणसाच्या हाती येतं. हे ह्यांनीच मला कौतुकाने समजावलं होतं. परवा मात्र शेपटीतल्या मोटरीसाठी माझ्या तळहातावर पोलादी स्क्रू ठेवला.

"हा लाव."

"अहो, मग हा तुटणार कसा?"

"तुटायला नकोच आहे."

"आणि यंत्र अडकलं तर?"

"यंत्र नाही गं अडकत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माणूस अडकतो."

मी लावला. पितळेचा मात्र पदराच्या गाठीत बांधून ठेवला.

वन्सं, आता सरळच लिहिते. महिनाभर झाला, हे मधेच थांबतात. डोळे उघडे, हात आखडलेला, आणि माणूस जागेवर नाही. मग परत येतात आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे चालू करतात. बुधवारी गरम चहा मांडीवर सांडला, कप मात्र मुठीत घट्ट. पोळल्याचं कळलंही नाही. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, "मला काय धाड भरलीय?" धाड भरलीय हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. वर आकाशात असं झालं तर आखडलेल्या हाताच्या ओढीने पितळ तुटेल, म्हणून हे पोलाद. आणि येत्या रविवारी एकटेच उडणार आहेत.

पितळ लावलं तर ह्यांच्या हाताची भीती, पोलाद लावलं तर यंत्राची. फोनवर बोलावं तर घरात फोन एकच, आणि तो सदा ह्यांच्या खिशात. माझं ते ऐकत नाहीत, तुम्ही मोठ्या आहात. तुम्हाला जे व्हायचं तेच त्यांना होतंय, हे तुमच्याच तोंडून कळू दे. रविवारच्या आत या, आणि हाताला धरून त्यांना डॉक्टरांकडे न्या.

आज हे बाजारात गेल्यावर मी तो पोलादी स्क्रू काढला. पितळेचा आणि पोलादी, दोन्ही स्क्रू या पाकिटात आहेत. ऑटोपायलटशिवाय उडायची आता त्यांची छाती नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. दुकानात दुसरे स्क्रू मिळतील, मिळू देत. लावायला माझाच हात लागतो, आणि तो मी देणार नाही. लपवाछपवी नको, आल्या आल्या सांगणार आहे, स्क्रू ताईंकडे गेले म्हणून.

तुमच्यावर सगळी भिस्त ठेवून बसलेली,
तुमची भावजय

ता. क. हे आलेत. खिडकीतून दिसतात. फाटकाच्या कडीवर हात आहे, आणि उघडत नाहीत. जाते मी. तुम्ही निघा.