गळ्याकडे जाणारा हात

अप्पा,

१. तुमचं हृदय थांबलं. आयसीयूत नर्स म्हणून मीच ड्युटीवर होते.
२. डॉक्टरांनी विचारलं, "सीपीआर करायचा ना?" मी हो म्हटलं.
३. तुमच्या गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा मी कापला, लिंगाची चांदीची डबी बाजूला ठेवली आणि छाती दाबायला लागले.
४. हृदय सुरू झालं. तुम्हाला व्हेंटिलेटर लावला.
५. तुमचा हात वर यायला लागला. नळी ओढाल म्हणून मी तो पलंगाच्या कठड्याला बांधला.
६. काही दिवसांनी तुम्ही तसेच गेलात.

त्याआधीचं तुम्हाला ठाऊकच आहे. त्या उन्हाळ्यात तुम्ही दुकानात ज्वारीच्या पोत्याला टेकून बसला आहात, मी चहा आणलाय. "बाई, हे हृदय लई थकलं आता. बंद पडलं की पडू दे. छातीवर कुणी बसायचं न्हाय. लिंग हातात द्या, इभूत लावा, झालं." मी माझ्या पद्धतीनं नीट समजावलं: नुसतं तोंडी सांगून चालत नाही, लिहून द्यावं लागतं, दोन साक्षीदार लागतात, नोटरी लागतो, तुमच्या वतीनं कोण बोलणार त्याचं नाव लागतं. तुम्ही हसलात. "मरायला दोन साक्षीदार? लगीन लावतीस का माझं?" मग म्हणालात, "नाव तुझंच घाल. तुला यातलं कळतंय." पुढच्या सुट्टीत कागद करू, असं मी म्हटलं. सुट्ट्या आल्या आणि गेल्या. नंतर ते मला सोयीचं झालं: कागद नव्हता, म्हणून मी नियमाप्रमाणे वागले. पण डॉक्टरांनी कागद मागितलाच नव्हता. त्यांनी मला विचारलं होतं.

आईला आयसीयूत सोडलं नव्हतं. तिला मी सांगितलं, अप्पांच्या छातीवर कुणी बसलं नाही, ते लिंग हातात घेऊन गेले. खरं तर डबी मी नंतर तुमच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली. गावी, अणदूरला, तुम्हाला समाधीत बसवताना सगळ्यांनी ती पाहिली आणि आईचा जीव शांत झाला. आता तिचंही हृदय तसंच झालंय. परवा भाकरी थापता थापता म्हणाली, "नोटरीकडं कधी जायचं गं? तुझ्या अप्पाचं ऐकलंस तसं माझं बी ऐक." मी तवा उतरवला आणि "सोमवारी" म्हटलं. तिच्या कागदावर माझं नाव जाणार आहे. खरं सांगितलं तर ती दुसऱ्या कुणाचं तरी नाव घालेल, आणि घालावंच. पण तुमच्या शेवटाबद्दलची जी समजूत उराशी धरून ती झोपते, ती मग राहणार नाही.

वरचा पाचवा मुद्दा दुरुस्त करते. नळी ओढणाऱ्याचा हात तोंडाकडे जातो. हे मी शिकले आहे, दुसऱ्यांना शिकवतेही. तुमचा हात गळ्याखाली थांबत होता आणि बोटं तिथं चाचपत होती. ते मला तेव्हाच कळलं होतं. बाजूला ठेवलेली डबी तेव्हा माझ्या एप्रनच्या खिशात होती. ती हातात दिली असती तर तुम्ही शुद्धीवर आहात हे मान्य करावं लागलं असतं, आणि मग तुमच्या डोळ्यांकडे बघावं लागलं असतं. त्यापेक्षा हात बांधणं सोपं होतं.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, तरी विचारते. आईला सांगू का? रविवार संध्याकाळपर्यंत कळवा.