दौऱ्याच्या मोटारीचा संडास

३ सप्टेंबर १९५६, सोमवार

परसादी नोकरी सोडून गेला! सकाळी किल्ली, बादली, ब्रश — सगळं आणून माझ्या टेबलावर मांडलं आणि म्हणाला, "लो बाबूजी, सँभालो." ब्रश टेबलावर! हजेरीबुकाशेजारी! त्याला किला गेटच्या शाळेत चपराशाची जागा मिळाली आहे. घंटा वाजवायची, फळा पुसायचा.

म्हणजे आता संडास कोण धुणार?

कोणी वाचलं तर हसेल. पण माझी नोकरी त्या संडासावर आहे. संस्थानच्या वेळेची ही मोटार — लॉरीच्या सांगाड्यावर बांधलेलं घरच म्हणा. झोपायला दोन बाकं, एक स्टोव्ह, आणि मागे खुराड्याएवढ्या खोलीत विलायती बैठकीचा संडास. खाली लोखंडी टाकी. साहेब लोक दौऱ्यावर जातात ते हिच्यातून. मी हिचा देखरेख कारकून. एकोणीस वर्षं देखरेख केली, हात कशाला लावला नाही.

नोव्हेंबरात नवं राज्य होणार, राजधानी भोपाळ. आठ वर्षांपूर्वी संस्थान मध्य भारतात गेलं, आता मध्य भारत मध्य प्रदेशात. कचेरीतले हेडक्लार्क माधवराव म्हणाले, "भालचंद्र, याद्या बनतायत. जी चीज चालू, ती भोपाळला. जी बंद, तिचा लिलाव. आणि तिच्यावरचा माणूस फाजील — नोकरीतून कमी." तोपर्यंत नवी भरती बंद. मी सत्तेचाळीसचा. पेन्शनला आठ वर्षं. देखरेखीशिवाय मला सही येते, बस.

५ सप्टेंबर

वास.

७ सप्टेंबर

भिंडचा दौरा करून मोटार आली ती टाकी भरूनच. कंपू मोहल्ल्यातल्या तिघा सफाईवाल्यांना विचारलं. तिघांचं एकच — "सरकारी कागज लाओ." कागद कुठून आणू?

दुपारी गॅरेजचं दार आतून लावलं. जानवं कानाला लावावं की काढून ठेवावं, यात दहा मिनिटं गेली. शास्त्रात देखरेख कारकुनाबद्दल काही सांगितलेलं नाही. शेवटी कानाला लावलं.

केलं. जास्त लिहीत नाही. दोनदा उलटी झाली. गॅरेजच्या नळावर तीन आंघोळी, घरी आल्यावर चौथी. शरयू म्हणाली, "अहो, ग्रहण आहे का आज?"

रजिस्टरात रकाना आहे — 'सफाई झाली'. तिथे सही केली. कोणी केली याचा रकाना नाही.

९ सप्टेंबर, रविवार

परसादीला गाठलं. सगळं सांगितलं. तो हसला नाही, याचंच मला जास्त लागलं. म्हणाला, "बता दूँगा. हाथ नहीं लगाऊँगा. अब कभी नहीं लगाऊँगा." कबूल केलं.

आला. साहेबांची घडीची खुर्ची उघडून ऐटीत बसला आणि मी उकिडवा. "नाक मत सिकोड़ो बाबूजी. नाक ही तो बताएगी कहाँ गड़बड़ है." खरं निघालं! पायपट्टी दाबली की खालची झडप उघडते. झडपेला चामड्याची कडी. ती वाळली की चिरते आणि टाकीचा वास वर येतो. म्हणून आठ दिवसांनी एरंडेलाचा हात, आणि भांड्यात कायम दोन बोटं पाणी. दौरा असो-नसो.

मी फिनेलचं विचारलं. म्हणाला, फिनेलनं चामडं सडतं. एकोणीस वर्षं मी फिनेलच्या मागणीवर सही करतोय! "फिर तू क्या करता था उसका?" "फर्श पे डाल देता था. आपको खुशबू आनी चाहिए थी ना."

१७ सप्टेंबर

बैठकीवरचे पांढरे डाग लोणच्यात घालतात त्या आंबट सिरक्यानं निघाले. एवढा आनंद मला मॅट्रिकच्या निकालाला झाला नव्हता.

२६ सप्टेंबर

झडप मिटेना. खालून पाना लावून चार नट काढले, हात कोपरापर्यंत आत. कडुलिंबाचं दातण निघालं! कोण्या साहेबानं दात घासून तिथेच टाकलं. माणूस एवढा शिकतो, परीक्षा देतो, जिल्हा चालवतो. आणि दातण संडासात टाकतो.

परसादी खुर्चीवरून म्हणाला, "तीसरा नट उल्टा घूमता है." मी म्हटलं, "माहीत आहे." खरंच मला माहीत होतं.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी

घरी दौत, टाक आणि हजेरीबुकाची पूजा केली. शरयूनं झेंडूचा हार केला होता. त्यातली चार फुलं खिशात घालून गॅरेजमध्ये गेलो. पाना, बादली, ब्रश ओळीनं मांडले. ज्यावर पोट चालतं त्याची पूजा — मग यांची का नाही? हळद-कुंकू वाहिलं. कोणी पाहिलं नाही. नमस्कार करताना मात्र हसू आलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

२० ऑक्टोबर

शरयू आज सरळच बोलली. "महिन्यात सहा वड्या साबण! रोज दोनदा न्हाऊन घरी येता. सदऱ्याला सिरक्याचा वास. कोण आहे ती?"

मी म्हटलं, "कोण ती?"

"मला काय माहीत! तुम्ही सांगा."

गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे कबुलीच. रात्री वरणात मीठ नव्हतं. विचारायची सोय नाही.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून मध्य प्रदेश. कचेरीत पेढे वाटले. निम्मे लोक रडत होते — कोणाची बदली भोपाळला, कोणाची रायपूरला. आमच्या दौलतगंजात दर तिसऱ्या घरी ट्रंका बांधणं चालू आहे. तोंडावर दिवाळी आणि तोंडावर ट्रंका! आमची यादी अजून नाही.

टाकीच्या कोपऱ्यात ब्रश पोचत नाही. थर धरला आहे. डोक्यात तेच.

१५ नोव्हेंबर

एक युक्ती सुचली. परसादीची नाही, माझी! कारखान्यातून अर्धी लादी बर्फ आणला, फोडून टाकीत टाकला, वर चार बादल्या पाणी. ड्रायव्हर महिपतराव बघतच राहिले. "बर्फ? लग्न कुणाचं आहे?" त्यांना सांगावंच लागलं. मोटार फूलबागेपर्यंत नेली, खड्ड्याखड्ड्यातून, ब्रेक मारत मारत. आतून बर्फाचा खडखडाट. परत येऊन मैल्याच्या खड्ड्यावर टाकीचं तोंड उघडलं — थर सुटून बाहेर! कोपरे लख्ख!

महिपतराव पूर्वी रिसाल्यात होते. म्हणाले, "घोड्याची लीद आम्हीच काढायचो की. लाज कसली? कोणाला बोलणार नाही मी." बरं वाटलं. परसादीला सांगितलं तर खुर्चीवरून उठून टाकीत डोकावला. मग म्हणाला, "बर्फ... मेरे बाप को भी नहीं सूझा."

१० डिसेंबर

भोपाळहून साहेब आले. मोटार घेऊन शिवपुरीला दोन रात्री मुक्काम. परतल्यावर शेरा मारणार — चालू की बंद. झडपेला एरंडेल लावलं, भांड्यात दोन बोटं पाणी ठेवलं, देवाला नारळ बोललो.

१२ डिसेंबर

आज सगळं लिहितो.

साहेब उतरले ते खुशीत. म्हणाले, "पहली सरकारी गाड़ी देखी जिसके पाखाने में बैठकर आदमी अखबार पढ़ सके!" कागदावर 'चालू' लिहिलं. माझ्यादेखत! मी मनात म्हटलं, सुटलो. मोटार भोपाळला, तिच्यामागे देखरेख, देखरेखीमागे पेन्शन.

मग साहेबांनी विचारलं, "सफाई कौन करता है?"

माधवराव पुढे झाले. "परसादी करता था, साहब. पुराना आदमी है. अभी स्कूल में चपरासी लग गया है, मगर हुक्म हो तो वापस बुला लेंगे."

"बुलाओ. गाड़ी के साथ वही भोपाल जाएगा."

मला फक्त गप्प बसायचं होतं. तीन महिने तेच तर करत होतो! पण परसादी परत ब्रश धरून उभा, हे डोळ्यांपुढे आलं आणि तोंडातून निघून गेलं — "साहब, सफाई मैं करता हूँ. सितंबर से."

साहेबांनी माझ्या टोपीकडे पाहिलं, गंधाकडे पाहिलं. "आप?" "जी." खिशातून वही काढली. वहीत काहीतरी लिहिलं. माधवरावांनी माझ्यासाठी पुढे केलेला चहाचा कप परत ट्रेमध्ये ठेवला.

१३ डिसेंबर

बाहेरून कळण्याआधी शरयूला सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई असती तर बरं झालं असतं. बाईला निदान काही प्रायश्चित्त असतं."

उठली, देवघराचं दार लावून घेतलं. माझं पान बाहेरच्या खोलीत.

१६ डिसेंबर

परसादी आला. मला वाटलं, आभार मानायला. चांगलाच रागावलेला होता! "किसने कहा था बोलने को? बुलाते तो मैं खुद मना कर देता. मुझे मना करना आता है."

खरं आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकोणीस वर्षं मी त्याच्यावर देखरेख केली, तो नाही म्हणू शकतो हे मला माहीत नव्हतं.

मग बसला थोडा वेळ. जाताना म्हणाला, "घर में कैसा है?" मी म्हटलं, "पान बाहर लगता है." त्यानं मान हलवली.

१७ डिसेंबर, दत्तजयंती

दौलतगंजच्या देवळात पाळणा झाला की सुंठवडा मी वाटतो. बावीस वर्षं. आज गेलो तर ताट माधवरावांच्या हातात. कोणी वाकडा शब्द बोललं नाही. "या, या, बसा ना भालचंद्रराव" — आणि बसायला जागा सगळ्यांच्या मागे. माधवरावांनी सुंठवडा वरून टाकला, ओंजळीत. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. 

शरयू बायकांत बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती. ते मी पाहिलं, आणि तिनं मला पाहताना पाहिलं.

२८ डिसेंबर

हुकूम आला. मोटार भोपाळला. 'देखरेख कारकून' ही जागा रद्द — निगा राखणारा स्वतःच जबाबदार असल्यामुळे देखरेखीची गरज दिसत नाही, असं लिहिलं आहे. सफाईची जागा एक, कायम, पेन्शनची. पुढे नाव माझं! पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

माधवराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "गफलत झाली असणार. अर्ज करा, नाव कापून घेऊ. फाजील व्हाल, हे खरं. पण इज्जत तर राहील." म्हणाले ते वाईट मनानं नव्हे. सोमवारपर्यंत मुदत.

२९ डिसेंबर

अर्ज लिहिला. अक्षर चांगलं आलं. झडप, बर्फ, तिसरा नट — यातलं काही त्यात लिहिता येत नाही. नुसतं 'चुकीने नाव पडले'. पण चुकीनं कुठे पडलं?

फाडला.

३१ डिसेंबर, सोमवार

रुजू व्हायच्या कागदावर सही केली. घरी येऊन शरयूला सांगितलं — आठवड्याभरात भोपाळ, क्वार्टर मिळेल, पण सफाईवाल्यांच्या ओळीत. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नळ घरात आहे की ओळीला एक?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग उद्या विचारून या," म्हणाली, "देव कुठल्या भिंतीला मांडायचे ते मला आधी ठरवायला लागेल."