मायच्या मशीनची वायर

सोनपेठ, गुरुवार, दिवेलागणीला

मायच्या कानाचं, वायरीवालं ऐकायचं मशीन आज मीच खोललं. रोज लोकांचे मिक्सर, रेडिओ दुरुस्त करते, पण आज हात चालत नव्हता. सेल नवा, व्होल्ट बरोबर. सगळं परत जोडून आधी माझ्या कानात घातलं, तर स्टँडवरच्या बसचा हॉर्न एवढा मोठा आला की दचकलेच. मग मायच्या कानात घातलं. हाक मारली, तिला ऐकूच आली नाही.

म्हणाली, "मीटर लाव. एकेक बघ."

तिला माहीत आहे, पार्ट धड असला की मीटर वाजतं. तिला ते ऐकू येत नाही, म्हणून माझ्या तोंडाकडं बघून विचारते, "वाजलं का गं?" बटणाला लावलं, वाजलं. मी मान डोलावली. वायरीला लावलं, वाजलं. अन् मी हातानं खूण केली, नाही.

का केलं असं?

मायच्या कपाळावरची आठी गेली. "वायरच गेली म्हण की! मला वाटलं, कानच गेले माझे."

उद्या नवी वायर टाकल्यावर काय सांगणार आहे मी? परभणीला डॉक्टरकडं न्यावंच लागेल, कळतंय. आज हिंमतच झाली नाही.

जुनी वायर तिनं स्वतः केरात टाकली अन् पाठ करून देवापुढं दिवा लावायला बसली. मी ती वायर उचलून परत मीटरला लावली. वाजली. तिच्या अगदी पाठीशी जाऊन लावली. वाजली. माय वात सरळ करत होती.