दारातून न जाणारा लेथ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा जुन्या मोटरसायकली दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि बऱ्यापैकी रागात लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. चिरंजीवांनी तो आधी वाचावा.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक चिरंजीवांना. पोटचा पोर आहे, त्याला उघड्यावर टाकणार नाही.

२. वर्कशॉपची खोली, सगळी हत्यारं आणि लोखंड कातायचा लेथ माझ्या सुनेला. एकटीला.

कारण लिहितो. हा लेथ एका बंद कारखान्यात गंजत पडला होता. उचलून आणला तेव्हा लोक हसले. अरे, जुन्या गाड्यांचे भाग बाजारात मिळत नाहीत, ते घडवावे लागतात! लेथचा बेड, म्हणजे ज्या लोखंडी पाटावर त्याचे भाग सरकतात, तो अगदी सपाट लागतो. त्यावर निळा रंग लावायचा, सपाट पट्टी घासायची, उंच राहिलेला ठिपका दिसला की स्क्रॅपरच्या धारेने खरवडायचा, पुन्हा रंग. अकरा महिने हेच. त्या बारीक खुणांत तेल टिकतं.

मग मी आठवडाभर दवाखान्यात पडलो. चिरंजीवांना बापाला खूश करायचं होतं. त्यांना त्या खुणा ओरखडे वाटले. पॉलिश पेपर घेऊन सगळ्या घासून टाकल्या. सपाटीही गेली. "बाबा, बघा कसा चकचकीत केलाय!" मी खाली बसलो आणि रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

ती चूक मी केव्हाच माफ केली. पण वर "बिघडलाच आहे तर आता भंगारात देऊन टाकू" म्हणाले, ते नाही.

सून दुसऱ्या दिवशी आली, बेडवरून तळवा फिरवला. "बाबा, इथे जरा उंच लागतंय." रंग लावून पाहिला, खरंच उंच! मग दोघांनी मिळून तो पुन्हा खरवडला. आता माझे हात थरथरतात, तिचे नाहीत.

३. "बाईमाणसाला कशाला हे?" असं जो विचारेल, त्याच्या गाडीला तिने हात लावू नये. ढकलत नेऊ दे घरी.

४. लेथ आत घेतल्यावर मी दार मुद्दाम अरुंद बांधलं. तो बाहेर काढायचा तर भिंत पाडावी लागेल, आणि भिंत कलम दोनप्रमाणे सुनेची आहे. पोरा, तुला शिकायला यायचं असेल तर दार माणसापुरतं रुंद आहे. ये.

ठिकाण: लेथशेजारी. तारीख: सहा फेब्रुवारी, सकाळ.

सही: मेकॅनिक

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी.

साक्षीदार दुसरा: दरवर्षी लेथचं वजन विचारायला येणारा भंगारवाला. सहीआधी त्याला बेडवर हात फिरवायला लावला. पुढची ओळ त्याच्या हातची:

हे भंगार नाही.