रॅम्पची पहिली फळी

रविवार, ४ फेब्रुवारी

आज उपदेश मुंगीवर – आळशाने तिच्याकडे जाऊन शिकावं, असं वचन. पास्टर बोलत होते सगळ्यांशी, बघत होते माझ्याकडे. मीही मान डोलावत राहिलो – जणू विषय शेजारच्याचा आहे.

निघताना त्यांनी चर्चच्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं. "सुतारमास्तर, बाबांचा रॅम्प?"

"पुढच्या आठवड्यात नक्की."

हे मी गेल्या उन्हाळ्यापासून सांगतोय. बाबा पडले, चाकाच्या खुर्चीत आले, तेव्हापासून त्यांचं चर्च बंद. चौघं उचलून न्यायला तयार होते, तर म्हणाले, "मी काय कपाट आहे?" आता रविवारी खिडकीशी बसून एकटेच गातात. तो भरदार आवाज, आणि ऐकायला फक्त मांजर. मला फार वाईट वाटतं. वाईट वाटून घ्यायला मात्र मी कधी उशीर करत नाही.

सोमवार, ५ फेब्रुवारी

अंगणात मुंग्या बघायला बसलो. काय ती शिस्त! बघता बघता जेवायची वेळ झाली. बायको दारात.

"काय चाललंय?"

"उपदेशाचं मनन."

तिने लाकडाच्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आळस जावा म्हणून प्रार्थनेला बसलो. मन लावून केली, ऐसपैस केली. आमेन म्हणेपर्यंत ऊन कललं होतं. बायको म्हणाली, "अहो, देव ऐकतो. पण रंधा तुम्हालाच मारावा लागेल."

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

रंध्याला धार लावली. फक्त धार.

रविवार, ११ फेब्रुवारी

गाताना बाबांना एक ओळ आठवेना. तीच, जिच्यावर अख्खी मंडळी त्यांच्याकडे बघून सूर धरायची. दोनदा अडखळले, मग गप्प बसले. मी दाराआड उभा होतो. रडू आलं. असंच चाललं तर त्यांची गाणी एकेक करून जातील, आणि मी धार लावत बसेन.

सोमवार, १२ फेब्रुवारी

प्रभू स्वतः सुताराच्या घरातला. गिऱ्हाइकाला 'पुढच्या आठवड्यात या' म्हणाला असेल? वाटत नाही.

नवा नियम – उठल्यावर एका वाक्याची प्रार्थना: "प्रभू, आज फक्त एक फळी." आमेन म्हटलं की हातात करवत. चहा नंतर. रंधा सोपा, हे 'चहा नंतर' भलतंच अवघड.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

एक फळी झाली. राहवेना, म्हणून दुसरीही केली. चहा निवला, तरी गोड लागला.

शनिवार, १७ फेब्रुवारी

रॅम्प बसला! मी वर उड्या मारून बघितल्या. पास्टरांनीही मारल्या, झग्यासकट. घरी येऊन बाबांना सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाले. आनंद लपवत असतील.

रविवार, १८ फेब्रुवारी

आत गाणं सुरू झालेलं. रॅम्पच्या तोंडाशी बाबांनी दोन्ही चाकं घट्ट धरली. "आज वारा फार आहे. पुढच्या आठवड्यात नक्की."

हुबेहूब माझा सूर. सगळ्यांसमोर खुर्चीतून जायला ते घाबरत होते, आणि इतके दिवस माझ्या न झालेल्या रॅम्पच्या आड बसले होते.

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "बाबा, आज फक्त एक फळी."

त्यांनी खुर्चीवरचा माझा हात बाजूला केला आणि चाक स्वतःच पुढे लोटलं.