सप्रेसरची मंजुरी

बिलिंग्ज, मोंटाना
५ ऑक्टोबर २०२५

चि. सुनेत्रास,
दादाचे अ. उ. आ. फोनवर तुझं निम्मं बोलणं कळत नाही, म्हणून पुन्हा पत्र. डावा कान गेलाच. उजवाही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. चाळीस वर्षं लेथच्या खडखडाटात काढली, उगाच रायफलला दोष देऊ नकोस.

नवी रायफल लिव्हरवाली आहे. दर गोळीला लिव्हर हाताने खाली ओढायची, वर घ्यायची. घाई करताच येत नाही, आणि लोखंड इतक्या सफाईने सरकलं की माझ्यासारख्याला बरं वाटतं. नळीला सप्रेसर लावला की आवाज पार मऊ होतो म्हणे. मग कानांवरचे जाड मफ काढून, वारा ऐकत नेम धरता येईल. रायफल त्याच दिवशी घरी आली, पण सप्रेसरच्या सरकारी मंजुरीला फॉर्म, फोटो, बोटांचे ठसे! माझ्या बोटांच्या रेषा कामाने कधीच झिजल्या. ठसे दोनदा परत आले. सात महिने झाले, कंटाळलो.

खंडेनवमीला रायफलची पूजा केली. हळदकुंकू लावलेलं एक रिकामं काडतूस तुझ्या देव्हाऱ्यासाठी पाठवलंय. २० नोव्हेंबरचं तिकीट काढलंय. भाची आठ वर्षांची झाली, पण तिचा आवाज फोनच्या खरखरीतूनच ऐकलाय. कान आहे तोवर येऊन जातो.
विवेकरावांना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा,
प्रबोधदादा

क्वीन्सटाउन, सिंगापूर
२७ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सा. न. आणि एक तक्रार. अरे, काडतूस पाठवतोस? सिंगापूरला? कस्टम्सने तुझं पाकीट अडवलं आणि मला जबाब द्यायला बोलावलं. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेले. अधिकारी सभ्य होता. रिकामं असलं तरी काडतूस ते काडतूस, असं म्हणाला. वर लाल काय आहे ते विचारलं. आम्ही वर्षातून एकदा हत्यारांची, अवजारांची पूजा करतो हे मी वीस मिनिटं समजावलं. त्याने शांतपणे 'धार्मिक पावडर' असं लिहून घेतलं. मला हसावं की रडावं कळेना.

दादा, आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा अर्ज तिसऱ्यांदा आत गेलाय. अकरा वर्षं नोकरीच्या पासवर राहतोय, तो दर थोड्या वर्षांनी नव्याने मागावा लागतो. त्यात आता ही फाइल. विवेक रात्र रात्र झोपत नाही. ही चौकशी मिटेपर्यंत तू येऊ नकोस. विमानतळावर तुझं नाव निघालं तर मला झेपणार नाही. तिकीट जानेवारीवर ने. एवढं ऐक माझं.

अनुया रुसली आहे. मामा अमेरिकेचा आहे, त्याला कोण अडवणार lah, असं तिचं अस्सल सिंगापुरी थाटातलं मत.
रागावले तरी तुझीच आहे, माया राहू दे.
सुनेत्रा

बिलिंग्ज, मोंटाना
३० नोव्हेंबर २०२५

चि. सुनेत्रास,
अ. उ. आ. आणि माफी. हौसेच्या भरात तुझ्या डोक्याला ताप दिला. तिकीट पुढे ढकललं.

मंगळवारी सप्रेसरची मंजुरी आली. शेजाऱ्याबरोबर माळावर गेलो, मफ काढले आणि गोळी झाडली. सुने, काही म्हणजे काही आवाज नाही! मी खुळ्यासारखा हसलो. मागे पाहिलं तर शेजारी खांदे आक्रसून उभा होता. त्याने वहीत लिहून दाखवलं, की एवढा काही मऊ नाहीये आवाज. मला वाटलं, चेष्टा करतोय.

घरी येऊन चहाला शिट्टीची किटली ठेवली. थोड्या वेळाने सहज पाहिलं तर वाफ जोरात बाहेर फेकली जात होती आणि पाणी निम्मं आटलं होतं. गॅस बंद करून मी तिथेच खुर्चीवर बसून राहिलो.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. जानेवारीत येतोच.
लोभ असो, आता जरा जास्तच.
प्रबोधदादा

क्वीन्सटाउन, सिंगापूर
३ डिसेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. तुझं पत्र अजून आलं नाही, पण थांबवत नाही म्हणून लिहिते. लेखी ताकीद देऊन फाइल बंद झाली! पहिल्या विमानाने ये. जानेवारीची वाट पाहू नकोस.

अनुया तुझ्यासाठी रोज मराठीची तयारी करते. तिला कसलं तरी गुपित सांगायचंय, ते आम्हालाही सांगत नाही. मामाशी ओरडून बोलायला लागेल का, असं काल विचारत होती. मी सांगितलं, अगदी जवळ बसून कानात सांगितलंस तर हळू बोललेलंही मामाला ऐकू येतं.
वाट पाहते,
सुनेत्रा